टॉवेलखालचा हात

पक्षाघाताचा झटका आला आणि अण्णासोंच्या तोंडातले सगळे शब्द गेले. राहिला तो एकच, आणि तोही नेमका दलालाचा. "बगू."

नाव काय तुमचं, म्हणून विचारलं की "बगू." पाय दुखतोय का? "बगू." चहा घेणार? "बगू." वडगावच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं या माणसानं हाच शब्द वापरून भल्याभल्यांना ताटकळत ठेवलं होतं. शेतकरी म्हणायचा, अण्णा, आज खोंड इकून द्या की. अण्णासो म्हणायचे, बगू. आता त्याच शब्दानं त्यांना ताटकळत ठेवलं होतं.

मीनाबाई त्यांची बायको. वय बासष्ट, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, झटक्यातून वाचलेल्या माणसांना पुन्हा चालायला-बोलायला शिकवणारा एक विभाग होता. तिथं ती महिनाभर नवऱ्यासोबत मुक्कामाला होती. खाटा सहाच, एका खोलीत दोन. एका पेशंटला तीन महिने मिळायचे, पण पहिल्या महिन्याच्या शेवटी एक तपासणी व्हायची. ज्याला शिकवलेलं काही घेता येत नाही असं ठरेल, त्याला घरी पाठवायचे आणि खाट यादीतल्या पुढच्या माणसाला जायची. नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मीनाबाईला तेच जास्त लागत होतं, कारण शिव्या द्यायला कुणी सापडत नव्हतं.

अण्णासोंची तपासणी शुक्रवारी होती, आणि पहिल्या आठवड्यातल्या चाचणीचा कागद त्यांच्या खाटेला अडकवलेला होता. त्यावर पुष्कळ रकाने. त्यातल्या एका रकान्यात 'बोधन' असं छापलेलं, आणि पुढं पेननं लिहिलेलं: 'नाही. सूचना समजत नाहीत.'

मीनाबाई सातवी शिकलेली. अक्षरं तिला सगळी लागत होती, शब्द लागत नव्हता. बोध तिला ठाऊक होता. दर रविवारी विहारात बसून ऐकलेला शब्द तो, पिंपळाखाली सिद्धार्थाला झाला तो बोध. ती नर्सबाईला म्हणाली, "आवो, त्यो मोठमोठ्यास्नी झाला न्हाय, आमच्या ह्यास्नी कुटनं व्हायचा? आन् झाला न्हाय म्हून घरला धाडतासा व्हय?"

नर्सबाई हसल्या. "तसलं न्हवं ओ मावशी. बोधन म्हंजे शुद्ध."

शुद्ध तर होती. डोळे टक्क उघडे होते. मग तिनं नागसेनला विचारलं. नागसेन तिचा एकुलता एक मुलगा, शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर कामाला; बापाला तो दादा म्हणायचा. तो म्हणाला, "आई, त्ये आठवणीचं हाय. दादांची आठवण गेली, असं लिवलंय." पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचे भाऊ निवृत्त मास्तर होते. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की बोधन म्हणजे बुद्धी, हुशारी. हुशारी म्हटल्यावर मात्र मीनाबाई भडकली. बैलाची नुसती चाल बघून, कुठल्या खुरात खडा आहे ते सांगणारा माणूस हा. त्याला हुशारी नाही? मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

एक शब्द, तीन माणसं आणि तीन अर्थ. त्या एका शब्दावर आपल्या माणसाची खाट टांगलेली आहे आणि तो शब्द म्हणजे काय हे कुणीच धड सांगत नाही, या गोष्टीनं तिची झोप उडाली होती.

चाचणी तिच्यासमोरच झाली होती. घेणारी पोरगी पन्हाळ्याची, तेजस्वी नावाची, सगळे तिला मॅडम म्हणत. वाचा गेलेल्यांना शिकवणं हेच तिचं काम. पोरगी गुणी, आवाज गोड, तासभर एकदाही वैतागली नाही. तिनं दोन बोटं वर केली आणि म्हणाली, "काका, एवढीच बोटं मला दाखवा." अण्णासोंनी तिच्याकडं बघितलं, चांगल्या चालणाऱ्या डाव्या हाताची मूठ मिटली आणि ती चादरीखाली नेली. तीन बोटं दाखवली तेव्हाही तेच. हो-नाही विचारलं की मान नाहीच म्हणायची. तुम्ही पुरुष आहात का? नाही. ह्या तुमच्या पत्नी का? नाही. शेवटी तिनं चित्रांचा तक्ता पुढं ठेवला आणि बैल कुठं आहे म्हणून विचारलं. अण्णासोंनी तक्ता नीट न्याहाळला, तोंड फिरवलं आणि हातानं तो टेबलाखाली ढकलून दिला.

बायको नव्हे म्हटल्यावर मीनाबाईही डळमळली होती. ती बाहेर जगाशी भांडत होती की ह्यांना सगळं कळतं, पण आत तिचं तिलाच खात्रीनं सांगता येत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी नागसेन ड्यूटी संपवून आला. खाटेशेजारी उभा राहून म्हणाला, "शुक्रवारी काय व्हायचं त्ये दिसतंयच की. त्यांनी सांगायच्या आदी आपुनच घरी न्हेऊया. दादास्नी हितं काय आन् तितं काय, सारखंच."

मीनाबाई काही बोलणार नव्हती. पण महिन्याभराचं जागरण, ऊठबस आणि तो कागद, सगळं एकदम तोंडावाटे आलं. "चव्वेचाळीस वर्सं ह्या मानसाच्या मागं घातली मी. बाजार, बाजार आन् निस्ता बाजार. सणाला घरात न्हाई, दुखण्याला घरात न्हाई. म्हटलं म्हातारपणी तरी बसून दोन शब्द बोलंल. तर त्ये बी न्हाई. माजं नुकसान झालं बग नागसेन. पुरतं नुकसान."

हे ती अण्णासोंच्या उशाशी बसून, त्यांच्या अंगावरची चादर सारखी करता करता बोलली. माणूस समोर असताना त्याच्याविषयी असं बोलत नाहीत, एवढी रीत तिला होती. पण कागदावर 'नाही' लिहिलं की माणूस समोर असूनही नसल्यासारखा होतो, आणि ती कधी तशी वागायला लागली ते तिचं तिलाही समजलं नव्हतं. अण्णासो खिडकीतून जोतिबाच्या डोंगराकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बगू." त्याचाही तिला राग आला.

गुरुवारी सकाळी महंमद आला. जयसिंगपूरहून एसटीनं, हातात केळ्यांची पिशवी, खांद्यावर टॉवेल. तो अण्णासोंच्या धंद्यातला जोडीदार. कधी दोघं एका बाजूनं असायचे, कधी समोरासमोर, आणि समोरासमोर असले की बाजारातली माणसं सौदा सोडून यांची मजा बघायला जमायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं महिनाभर त्याला घरातून सोडलं नव्हतं. दारातच तो थबकला, मग आवाज चढवून म्हणाला, "काय आण्णा, माज्या डोळ्याला पट्टी बघून हातरूण धरलंस व्हय?"

अण्णासोंचा अर्धा चेहरा हसला. "बगू," ते म्हणाले.

"घ्या, ह्येला काय झालंय? पयल्यासारकंच बोलतोय की," महंमद म्हणाला. मीनाबाईला महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं.

तो सवयीनं खाटेच्या उजव्या अंगाला बसला. दलाल नेहमी समोरच्याचा उजवा हात धरतो. पण अण्णासोंचा उजवा हात उशीसारखा पडून होता. महंमदनं तो दोन्ही हातांत घेऊन थोडा वेळ नुसता कुरवाळला. मग उठला, स्टूल उचललं आणि डाव्या अंगाला येऊन बसला. घरी बसून ऐकलेल्या बाजारच्या गप्पा सुरू केल्या. कोण आलतं, कुणाची खोंडं पडून राहिली, कुणी कुणाला गंडवलं. बोलता बोलता खिशातून मोबाइल काढला.

"ह्यो बग. गेल्या बाजारातला व्हिडिओ हाय, तितनं धाडलाय मला. मालक छातीवर हात ठिवून सांगतोय, चार दाती हाय म्हून. माज्या डोळ्यास्नी अजून धड दिसत न्हाई. तू बग."

व्हिडिओत कुणीतरी खोंडाचा ओठ वर करून दात दाखवत होतं. जनावराचं वय दातांवरून ठरतं. दोन, चार, सहा, आणि पुढं आठ. अण्णासोंनी मान पुढं काढून बघितलं. महंमदनं एका हातानं व्हिडिओ पुन्हा लावला आणि दुसऱ्या हातानं, काहीही विचार न करता, चाळीस वर्षं केलं तेच केलं. खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला.

या बाजारातला सौदा तोंडानं होत नाही. चारचौघांत आकडा बोलला की तो साऱ्यांचा होतो. म्हणून टॉवेलखाली हात धरायचे आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. वर तोंडं हवापाण्याचं बोलत असतात आणि खाली सौदा होत असतो. मीनाबाईनं तसले टॉवेल आयुष्यभर धुतले होते. खाली काय चालतं ते तिनं कधी बघितलं नव्हतं. बायकांचं ते कामच नव्हे, असं बाजारानंच ठरवून टाकलं होतं.

टॉवेल हलला. थांबला. पुन्हा जरासा हलला.

महंमद बोलायचा थांबला. मोबाइल खाटेवर ठेवला. टॉवेलकडं बघत त्यानं हळूच विचारलं, "परत सांग." टॉवेल पुन्हा तसाच हलला.

"वैनी," तो म्हणाला, आणि त्याचा बाजारातला मोठा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "आण्णानं सहा सांगितलं. पंजा, आन् वर एक. मला बी सहाच वाटलंतं. मालक खोटं बोलतोय ह्ये आण्णाला कळलं."

मीनाबाई उभीच राहिली. "उगं दाबली आसतील भावजी," ती म्हणाली. आशा धरायची तिला आता भीती वाटत होती.

"मग विचारा काय बी."

तिला काही सुचेना. शेवटी म्हणाली, "तुमास्नी भैनी किती?" टॉवेल हलला. महंमद म्हणाला, "चार." बरोबर होतं. "मी चहात साखर किती चमचं घालते?" महंमद म्हणाला, "अर्धा. अर्ध्याला बोटाच्या पेरावर दाबायचं असतंय." हेही बरोबर होतं, आणि हे महंमदला माहीत असायचं कारण नव्हतं.  मीनाबाई पदरानं तोंड पुसून तेजस्वी मॅडमला बोलवायला गेली. चप्पल घालायचंही तिला भान नव्हतं.

तेजस्वीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं पहिल्या चाचणीचं विचारलं. बोटं दाखवा म्हटल्यावर काका मूठ का मिटत होते?

"उघड्यावर?" महंमदनं विचारलं, जणू त्या पोरीनं काही वावगं सांगितलं होतं. "मॅडम, उघड्यावर बोट दाखवलं की दलाल संपला. मूठ मिटली म्हंजेच तुमचा सवाल त्याला कळला. कळला नसता तर दाखवली असती की बोटं."

"आणि प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत होते ते?"

"पयल्या झटक्याला व्हय म्हणणारा दलाल तुमी बघितलासा कुटं?"

तेजस्वीला हसू आवरलं नाही, पण पोरगी पक्की होती. ती म्हणाली, "काका, राग मानू नका. तुम्हाला ते बरे व्हावेत असं वाटतं, म्हणून तुम्हाला बोटं जाणवतही असतील. मला तपासून बघावं लागेल." तिनं स्वतःचा हात टॉवेलखाली नेऊन बघितला, पण अण्णासोंनी आपला हात अलगद मागं घेतला. परक्या लेकीबाळीचा हात धरायचा नाही, एवढं त्यांना झटक्यानंतरही ठाऊक होतं. मग तिनं महंमदला भिंतीकडं तोंड करून बसवलं, हात तेवढा मागं टॉवेलखाली. प्रश्न ती अण्णासोंच्या कानात विचारू लागली, कार्डं त्यांना एकट्यांनाच दाखवू लागली. आकडा महंमद मोठ्यानं सांगायचा, ती लिहून घ्यायची. टेबलावर बाटल्या किती, त्यातल्या रिकाम्या सोडून किती? या खोलीत बायका किती? आधी खिडकीकडं बघा, मग पंखे मोजा. उत्तरं येत गेली. बरोबर येत गेली. आज महिन्याची तारीख कितवी, हे मात्र साफ चुकलं, आणि नागसेनच्या लग्नाला वर्षं किती, हेही. 

शेवटी तेजस्वीनं तोच जुना चित्रांचा तक्ता काढला. यात बैल किती आहेत, म्हणून कानात विचारलं.

महंमद भिंतीकडं बघत म्हणाला, "मूठ. म्हंजे एक बी न्हाई."

तेजस्वीनं ओठ दाबले. चित्रात एक बैल होता. तिनं चुकीची खूण केली. महंमद मागं वळला आणि म्हणाला, "बघू द्या की ती कसली तसबीर हाय ती." त्यानं तक्ता डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "ह्यो बैल? मॅडम, ह्येला वशिंड कुटाय? मानंमागं उंचवटा नगं? हे कुटल्या परदेशातलं हाय कुणास ठाऊक. आण्णानं ह्येला बैल म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, घरला घेऊन जावा त्याला."

अण्णासो खाटेवरून म्हणाले, "बगू!" आणि त्या एका शब्दात एवढी नाराजी होती की पलीकडचे मास्तरही हसले.

तेजस्वीनं चुकीची खूण खोडली.  मग मीनाबाईकडं वळून म्हणाली, "मावशी, माझं चुकलं. तुमच्यासमोर कबूल करते, आणि उद्या कागदावरही लिहिते."

मीनाबाईनं एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द फार वेळा ऐकले नव्हते. तिला त्या पोरीचा हात धरावासा वाटला, आणि तिनं तो धरला. म्हणाली, "लेकी, चुकलं त्ये राहू दे. आदी मला सांग, त्यो बोधन म्हंजे हाय तरी काय? नर्सबाई म्हणत्यात शुद्ध, पोरगा म्हणतोय आठवण, मास्तर म्हणत्यात हुशारी. मी म्हटलं बुद्धाला झाला त्यो बोध."

तेजस्वी तिच्यासमोर स्टुलावर बसली. "तसं बघितलं तर सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर आहे, म्हणूनच गोंधळ होतो. शुद्ध म्हणजे माणूस जागा असणं. ती त्यांना आहे. आठवण म्हणजे ठेवलेलं परत सापडणं. तारीख चुकली, लग्नाची वर्षं चुकली, म्हणजे आठवण अडखळतेय. बोलणं म्हणजे आतलं बाहेर आणणं, ते तर गेलंच आहे सध्या. हुशारी म्हणजे कोण किती पुढं, कोण किती मागं. आणि विहारातला बोध म्हणजे आयुष्यभराचं कोडं सुटणं. बोधन त्याच्या मानानं फार साधी गोष्ट आहे, तुमची-माझी, रोजची. डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं, ते आत घ्यायचं, ते काय आहे ते ओळखायचं, जुन्याशी जुळवायचं, आणि मग काय करायचं ते ठरवायचं. हे सगळं मिळून जे काम आत चालतं, ते बोधन. काकांनी दात बघितले, मालकाचं म्हणणं ऐकलं, दोन्ही पटत नाही हे ताडलं आणि सहा ठरवलं. तोंडातून मात्र आलं बगू. मी तोंडाकडं बघून आतलं लिहिलं."

"म्हंजे पारख," महंमद म्हणाला.

"पारख त्यातली एक," तेजस्वी म्हणाली.

मीनाबाईनं मनाशी बराच वेळ ते फिरवून बघितलं. "म्हंजे बोधन म्हंजे अक्का बाजार," ती शेवटी म्हणाली. "आन् बोलणं म्हंजे बाजारातला निस्ता भोंगा. भोंगा बंद पडला म्हून काय बाजार उठत न्हाई."

"हेच मी उद्या मोठ्या डॉक्टरांना सांगणार आहे," तेजस्वी म्हणाली.

महंमद त्या दिवशी जयसिंगपूरला परत गेला नाही. कोल्हापुरात त्याची बहीण लालबी राहायची, तिच्याकडं उतरला आणि शुक्रवारी सकाळी नऊच्या ठोक्याला हजर. मोठे डॉक्टर आले. ते घाईत होते. त्यांनी कागद हातात घेतला तर 'नाही'वर आडवी रेघ, बाजूला तेजस्वीची सही, आणि खाली तिच्या अक्षरात: 'पहिली चाचणी माझ्या पद्धतीमुळे चुकली. रुग्ण बोलू शकत नाही, आठवणीत अडथळा आहे, बोधन शाबूत आहे.' डॉक्टरांनी भुवया वर केल्या. महंमद काही न बोलता पुढं झाला आणि अण्णासोंच्या हातावर टॉवेल टाकला. डॉक्टरांनी आधी त्या दोघांकडं बघितलं, मग घड्याळाकडं, मग बाही सारली आणि आत हात घातला. विचारलं, "मी या खोलीत आल्यापासून घड्याळाकडं किती वेळा बघितलं?"

टॉवेल हलला. डॉक्टर ओशाळले. "तीन," ते म्हणाले. "बरोबर असावं." हात बाहेर काढून त्यांनी कागदावर सही केली. अजून दोन महिने. निघताना म्हणाले, "यांना शिकवायचं ते टॉवेलपासूनच सुरू करा."

नागसेन दाराशी उभा होता. आज त्यानं सुट्टी टाकली होती ती बापाला घरी न्यायला. तो आत आला, खाली वाकला आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा महंमदला म्हणाला, "चाचा, तुमी आला नसता तर..."  महंमद म्हणाला, "तर काय? आण्णानं घरी जाऊन बी बगूच म्हटलं असतं."

दुपारी निघण्याआधी त्यानं मीनाबाईला समोर बसवलं. "वैनी, मी रोज येणार न्हाई. आता तुमी शिका."

"मी?"

"मग काय बाजार तुमाला धरून न्हेणार हाय?"

त्यानं तिला एक ते दहा शिकवलं, अर्धा शिकवला, हो म्हणजे एक बोट, नाही म्हणजे मूठ, एवढं ठरवून दिलं. मीनाबाई भराभर शिकली. मग महंमद जरा थांबला. "आन् आण्णाची एक खूण निराळी हाय. बाजारात दुसरं कुणी करत न्हाई. सौदा मिटला, दोन्ही बाजू खूश झाल्या, की हात सोडायच्या आदी आण्णा समोरच्याच्या तळव्यावर अंगठा फिरवायचा. असा. म्हंजे इचारतोय, तुजं नुकसान झालं न्हाई न्हवं? झालं असलं तर हात काढून घ्यायचा, आण्णा सौदा मोडायचा. झालं नसलं तर त्याचा अंगठा मुठीत धरायचा. चाळीस वर्सांत मी त्याला त्या सवालाशिवाय हात सोडताना बघितला न्हाई. म्हून तर माणसं आंधळी होऊन त्याच्याकडं जनावर सोपवायची."

 बुधवारचा शब्द मीनाबाईला आठवला. तोच शब्द.

महंमद गेला. नागसेन त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेला. मास्तर भावाला घेऊन व्यायामाच्या खोलीत गेले. खोलीत दोघंच उरली. खिडकीतून ऊन थेट खाटेवर आलं होतं. मीनाबाईनं पिशवीच्या तळातून अण्णासोंचा स्वतःचा टॉवेल काढला, धुवून घडी घालून ठेवलेला. डाव्या अंगाला स्टूल ओढलं, बसली, टॉवेल टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याखाली हात घातला. आत अंधार, ऊब आणि ओळखीचा खरखरीत हात. इतकी वर्षं संसार केला, पण या जागेत ती कधी आली नव्हती.

"आवो," ती म्हणाली. "बुधवारी मी नागसेनला बोलले, त्ये तुमास्नी कळलं?"

त्यांनी तिचं एक बोट धरलं. हो.

तिचे डोळे भरून आले. "समदं कळलं?"

पुन्हा एक बोट.

"मी कागदाचं ऐकलं," ती म्हणाली. "तुमचं ऐकायचं सोडून कागदाचं ऐकलं. महिनाभर तुमी हितं समदं ऐकत पडलासा, आन् मी तुमच्यादेखत काय काय बोलले."

अण्णासो तिच्याकडं बघत होते. हात सुटला नव्हता. मग टॉवेलखाली त्यांचा अंगठा हळूहळू सरकला आणि तिच्या तळव्यावर फिरला. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

मीनाबाईनं हात काढून घेतला नाही. चव्वेचाळीस वर्षांत सणाला नसलेला, दुखण्याला नसलेला हा माणूस तिच्या डोळ्यांपुढून गेला. आणि हाच माणूस बाजारातून येताना तिच्यासाठी न विसरता पेरू आणायचा, तिच्या बाळंतपणात रात्रभर अंगणात फेऱ्या घालायचा, तोही गेला. बुधवारपासून मुक्यानं हाच एक सवाल मनात धरून पडलेला, तोही. तिला उपकार वाटले. महंमदचे, त्या पन्हाळ्याच्या पोरीचे, आणि सगळ्यांत जास्त याचे, की एवढं ऐकूनसुद्धा यानं आधी आपलं दुखणं सांगितलं नाही, तिचं नुकसान विचारलं.

तिनं त्यांचा अंगठा मुठीत धरला. घट्ट.

"बगू," अण्णासो म्हणाले.

"बगायचं काय त्यात?" मीनाबाई म्हणाली. "मिटला सौदा."

नागसेन स्टँडवरून परत आला तेव्हा चार वाजून गेले होते. टॉवेल तसाच होता आणि त्याखालचे हातही.